विषय: टूटिंगचा लिडो आणि आपल्या आया

नमस्कार मंडळी,

यंदाच्या अंकात आपल्या इथल्या बालपणावर काही यावं असं ठरलंय. मी टूटिंग बेक लिडोवर, म्हणजे दक्षिण लंडनमधल्या उघड्यावरच्या पोहण्याच्या तलावावर, लिहायला घेतलं आहे, आणि अडले आहे. म्हणून हा मेल.

सत्तरच्या दशकात बालम, टूटिंग, स्ट्रेटम या भागात आपली जी थोडीफार घरं होती, तिथल्या आम्हा मुलांचा उन्हाळा त्या तलावावरच जायचा. 91 मीटर लांब, 30 मीटर रुंद, वर उघडं आभाळ, भोवती कॉमनची, म्हणजे सार्वजनिक माळाची झाडं. पाणी तापवलेलं नाही, आजही तापवत नाहीत. जूनमध्ये सूर मारला तरी छातीत श्वास अडकायचा. काठाला लागूनच कपडे बदलायच्या खोल्या, त्यांची लाल, पिवळी, हिरवी दारं. ओठ निळे पडेपर्यंत आम्ही पाण्यात, आणि आया काठावर. बाहेर आलं की टॉवेलने खसाखसा पुसायचं, थर्मासमधला चहा प्यायचा, पोळीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी खायची आणि पुन्हा पाण्यात.

अंकासाठी इतिहास वाचला. टूटिंगच्या चर्चचे रेक्टर (धर्मगुरू) रेव्हरंड अँडरसन यांनी या तलावाचा आग्रह धरला, बेकार मजुरांच्या हातांना काम देऊन तो खोदला गेला, निघालेली माती भोवतीच बांधासारखी रचली आणि 28 जुलै 1906 ला तो उघडला. बायकांना मात्र बरीच वर्षं अगदी मोजकी ठरावीक वेळ मिळायची. स्त्री-पुरुषांनी एकत्र पोहणं सुरू झालं ते 1931 मध्ये.

हे वाचून थांबले. कारण त्याच काठावर, 1931 नंतर कितीतरी वर्षांनी, माझी आई साडीवर कार्डिगन घालून बसलेली मला आठवते. तिला कोणी अडवलं नव्हतं, तरी ती कधी उतरली नाही. आता ती नाही, विचारता येत नाही. तुमच्यापैकी कोणाची आई त्या पाण्यात उतरली होती का? किंवा तुम्ही स्वतः?

— अ., क्रॉयडन

—————

ताई, नमस्कार.

मी हर्न हिलचा, म्हणजे आमचा तलाव ब्रॉकवेलचा. तो 1937 चा. व्हिक्टोरिया पार्क 1936, ब्रॉकवेल 1937, पार्लमेंट हिल 1938 असे लंडन काउंटी कौन्सिलने लागोपाठ बांधले. प्रत्येक वस्तीला उघड्यावर पोहायची जागा मिळावी हा तेव्हाचा विचार होता, आणि मला तो फार मोठा वाटतो. ज्याच्याकडे सुट्टीला समुद्रावर जायचे पैसे नाहीत त्याच्यासाठी समुद्र गल्लीत आणून ठेवला.

ब्रॉकवेल 1990 मध्ये बंद पडला. फाटकाला कुलूप बघून मी अक्षरशः रडलो होतो. 1994 मध्ये तो पुन्हा उघडला, कारण आसपासच्या लोकांनी विषय सोडला नाही. हॅकनीतल्या लंडन फील्ड्सचं नशीब आणखी खडतर: 1988 मध्ये बंद, आणि उघडला थेट 2006 मध्ये. अंकात हेही यावं. जिथे लोक रोज जातात तिथेच भांडायला माणसं उभी राहतात, आणि आपली मराठी मंडळी तलाव वाचवायच्या सभांना फार थोडी दिसायची.

आईबद्दल विचारलंत. माझी आई दादरची. चौपाटीवर गुडघाभर पाण्यापलीकडे कधी गेली नाही, इथेही नाही.

— वि., हर्न हिल

—————

चि. अ. हिस अनेक आशीर्वाद.

तुझी आई आणि मी त्या गवतावर एकाच सतरंजीवर बसायचो. तुला आठवत असेल तर माझा मुलगा तुमच्यातला सगळ्यात दांडगा, सारखा मुटके मारून लोकांच्या अंगावर पाणी उडवायचा.

मी कोल्हापूरकडची. आमच्या मळ्यात मोठी दगडी विहीर होती, आत उतरायला पायऱ्या. आम्ही सगळ्या चुलत-मावस बहिणी तिथंच पवायला शिकलो. पांगाऱ्याचं वाळलेलं लाकूड पाठीला बांधायचं, चुलता वरून ढकलून द्यायचा आणि स्वतः मागून उडी टाकायचा. पहिले काही दिवस लाकूड मोठं, मग जरा लहान, मग एक दिवस न सांगता सोडून टाकायचा. परकराचा काचा मारून पवायचो. थारोळ्यावरून, म्हणजे मोटेचं पाणी पडायच्या दगडी जागेवरून, उडी टाकून तळाची माती मुठीत घेऊन वर यायचं, ती दाखवल्याशिवाय कोणी मानत नसे. न्हाणं आलं आणि विहीर बंद झाली. कोणी रागावलं नाही, फक्त आजीनं परकर वाळत घालायचं थांबवलं.

त्यामुळं टूटिंगच्या काठावर बसून मी काय बघायची, तर पाणी. पोरांना ‘हात लांब टाक, पाय वाकवू नको’ असं ओरडायची, तेव्हा तुझी आई विचारायची, तुम्हाला कसं कळतं हो?

1976 चा उन्हाळा तुम्हाला आठवणारच. 23 जूनपासून 7 जुलैपर्यंत सलग पंधरा दिवस इंग्लंडात कुठे ना कुठे पारा 32 च्या वर. बागांना पाणी घालायला बंदी, गवत पार पिवळं, ऑगस्टमध्ये तर सरकारनं दुष्काळासाठी वेगळा मंत्री नेमला. आमच्या फ्लॅटमध्ये रात्री झोप नव्हती. त्या उन्हाळ्यात मी बाजारातून पोहायचा पोशाख आणला. काळा, साधा. ह्यांना दाखवला. हे म्हणाले, “तुला येतंय ना? मग जा की.” एवढंच. ह्या माणसाचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत, त्यातला हा एक.

एका सकाळी, पोरं शाळेत असताना, मी आणि तुझी आई दोघीच गेलो. दाराआड पोशाख घातला, वरून साडीच गुंडाळली, आणि पाण्याच्या कडेला साडी तुझ्या आईच्या हातात दिली. पायऱ्यांवरून उतरले. एवढ्या उन्हातसुद्धा पाणी गार होतं, विहिरीतलं असतं तसंच. हात आपोआप चालले. मधे दमले तेव्हा उताणी पडून राहिले. त्या टोकाला पोचले, मागं वळून बघितलं, तर तुझी आई माझी साडी कडेवर घेऊन काठाकाठानं माझ्याबरोबर चालत आली होती. तिला पवायला येत नव्हतं. मला काही झालं तर हाक मारायला कोणी जवळ असावं म्हणून चालत होती.

त्यानंतर तो उन्हाळा संपेपर्यंत आमचं हे चाललं. पुढं तीही उथळ बाजूला कमरेइतक्या पाण्यात यायला लागली, माझा हात धरून. पोशाख तिनं माझ्याच बरोबर जाऊन घेतला होता, गडद निळा. घरी का सांगितलं नाही ते तिचं तिला माहीत. पण तुझी आई उतरली होती.

— तुझी काकू, हॅरो

—————

काकू,

आपली ओळख नाही. मी इथे शिकायला आले आणि इथलीच झाले, मूळची नाशिकची. सध्या इंग्लिश चॅनेलच्या रिले चमूत पोहायची तयारी टूटिंगलाच करते आहे. एकट्याने चॅनेल पोहायचं असेल तर आधी 16 अंशांखालच्या पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावं लागतं. न तापवलेला एवढा लांब तलाव शहरात हाताशी असणं ही तयारी करणाऱ्यांसाठी मोठी गोष्ट आहे. हिवाळ्यात तो साउथ लंडन स्विमिंग क्लबच्या सभासदांसाठी उघडा असतो. हा क्लबसुद्धा 1906 चाच.

आरती साहा यांनी 1959 मध्ये चॅनेल पार केली. आशियातल्या त्या पहिल्या महिला. तयारी सुरू केल्यापासून मी त्यांचं नाव सारखं घेते. आजपासून तुमचंही घेईन. तुम्ही ज्या टोकाला वळून पाहिलंत तिथे मी रोज भिंतीला हात लावते.

एक विचारायचं होतं: विहिरीत खोल बुडी मारताना कानाला दडा बसायचा, त्याचं काय करायचात?

— म., स्ट्रेटम

—————

बाळ म.,

नाक चिमटीत धरून तोंड मिटायचं आणि हळूच फुंकायचं, कान मोकळे होतात. दुखलं तर मात्र हट्ट न करता वर यायचं. चॅनेलमध्ये कुठं तळाला जायचंय तुला! अंगाला थंडी भरली की आधी बोटं ऐकेनाशी होतात. बोटं जुळत नाहीत असं वाटलं की सोबतच्यांना लगेच सांग.

— काकू

—————

मंडळी,

काकूंचा मेल मी पहिल्यांदा वाचला तो ऑफिसात, आणि मला उठून बाहेर जावं लागलं. घरी येऊन भावाला मोठ्याने वाचून दाखवला. त्यालाही काही माहीत नव्हतं. आईच्या कपाटातला तो निळा पोशाख आम्ही दोघांनीही पाहिला होता, आणि मावशीचा असेल असं धरून चाललो होतो.

काकूंची परवानगी फोनवर घेतली आहे. अंकात माझ्या लेखाऐवजी त्यांचा मेल जसाच्या तसा जाईल, ‘पवायला’ला कोणी हात लावायचा नाही. सोबत ब्रॉकवेल आणि लंडन फील्ड्सच्या बंद पडण्याची आणि उघडण्याची हकीकत विं.नी लिहावी. दीड पान चालेल.

ज्यांच्याकडे त्या काळातले लिडोवरचे फोटो असतील त्यांनी या महिनाअखेरपर्यंत स्कॅन करून पाठवा. कृष्णधवल चालतील. फोटोत आया असतील तर त्यांची नावं आणि माहेरची गावं जरूर लिहा.

— अ.