धंदा गुन्हा नाही, मग राहायचं कुठं?

उत्तरकसबा
धाड पडली की पेपरात 'महिलांची सुटका' छापून येतं. त्या पुढं कुठं जातात, हे कुणी विचारत नाही. सज्ञान बाईनं स्वतःच्या मर्जीनं देहविक्रय करणं आपल्याकडं गुन्हा नाही. पण १९५६ च्या पीटा कायद्याचं (अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा) कलम ७ म्हणतं, देऊळ, शाळा, वसतिगृह, दवाखान्यापासून २०० मीटरच्या आत धंदा केला तर तिला ३ महिन्यांपर्यंत कैद. जुन्या सोलापुरात अशी गल्ली दाखवा, जिथं एवढ्या अंतरात मारुती नाही की दर्गा नाही. कलम १८ खाली खोलीच रिकामी करवता येते. कलम ४ तर फारच वाईट. तिच्या कमाईवर जगणारा १८ वर्षांवरचा कुणीही गुन्हेगार! त्यात तिचा कॉलेजला जाणारा मुलगा येतो, म्हातारी आई येते. जबरदस्ती करणाऱ्यांवरची, अल्पवयीन मुली आणणाऱ्यांवरची कलमं ठेवा. ही तीन काढा.

बाळीवेसकर
२०० मीटरचं बोलणं सोपं आहे. माझी मुलगी क्लासवरून त्याच रस्त्यानं येते. तिला गिऱ्हाइकांनी अडवून भाव विचारलाय. कलम ७ गेल्यावर मी तक्रार कशाखाली करू?

उत्तरकसबा
अडवणारा पुरुष होता ना? मग विनयभंगाचं कलम लावा. पीटाचं कलम ८ बघा : गिऱ्हाईक बोलावलं म्हणून बाईला ६ महिन्यांपर्यंत, त्याच गुन्ह्याला पुरुषाला ७ दिवस ते ३ महिने.

बाळीवेसकर
अशी तक्रार घेऊन एकदा जाऊन बघा. पोरीलाच उलटे प्रश्न विचारतात.

वकील_सोलापूर
१९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मर्जीनं धंदा करणाऱ्या सज्ञान बाईला धाडीत अटक करू नका, त्रास देऊ नका, धंद्यात आहे एवढ्यावरून तिचं मूल तिच्यापासून तोडू नका. त्याआधी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं धाडीनंतर महिला वसतिगृहात ठेवलेल्या तीन तरुणींना सोडायला लावलं होतं. पण कलमं तशीच आहेत. कुंटणखान्याची व्याख्या वाचा. दोघींनी भाडं वाटून, एकमेकींच्या आधारानं एका खोलीत धंदा केला, तरी तो कुंटणखाना ठरतो. एकटीनं राहावं आणि मार खावा, असाच त्याचा अर्थ.

विजापूर_रोड
'मर्जी' कुणाची? देवदासी प्रथेवर कर्नाटकात १९८२ पासून बंदी आहे, तरी सीमेवरच्या गावांतून पोरी येतात. १५ व्या वर्षी आणलेली मुलगी ३० व्या वर्षी 'मर्जीनं करते' म्हणते, कारण परतायला घर उरलेलं नसतं. स्वीडननं १९९९ मध्ये केलं ते करा : विकणारीला सोडा, विकत घेणाऱ्याला धरा.

विडीवालीची_लेक
गिऱ्हाईक घाबरलं की बाईला आडबाजूला बोलावतं. मग तिचा जीव धोक्यात. माझ्या आईनं जन्मभर विड्या वळल्या. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरं झाली ती विडी कामगार बायका लाल झेंडा घेऊन रस्त्यावर उतरल्या म्हणून. आईला नाव सांगून मोर्चात उभं राहता आलं. या बायकांनी कलेक्टर कचेरीसमोर नाव सांगितलं तर घरमालक रात्रीत खोली सोडवेल, कारण माहीत असून खोली दिली तर गुन्हा त्याच्यावरही. भाडेपावती नाही तर पत्त्याचा पुरावा कुठला आणायचा? पोराच्या दाखल्यापासून रेशनपर्यंत सगळं तिथंच अडतं.

विजापूर_रोड
संघटना व्हावी, मान्य. पण आत कोंडलेली १५ वर्षांची पोर धाडीशिवाय सापडणार कशी?

उत्तरकसबा
धाड नको असं मी म्हटलेलंच नाही. नवी पोर आणली की सगळ्यात आधी शेजारच्या खोलीतल्या बाईला कळतं. आज ती चौकीत गेली तर तिचीच खोली जाते, म्हणून गप्प बसते. तिची भीती काढा, ती खबर देईल.

बाळीवेसकर
हे पटलं. कलम ४ जाऊ द्या, पोरानं आईच्या पैशावर शिकणं गुन्हा नसावा. शाळेभोवतीच्या २०० मीटरवरून मात्र मी हटणार नाही.