'लिंबूटिंबू' कुणाला म्हणायचं? आणि त्याच्या उलट शब्द कोणता?

धागाकर्ती, सांगली:
आमच्या अपार्टमेंटच्या वॉचमनकाकांची फॅमिली दिवाळीनंतर नेपाळहून आली, त्यांची मुलगी माझ्या लेकीच्याच वयाची आहे, दुसरी-तिसरीतली. संध्याकाळी पार्किंगमध्ये सगळी पोरं खेळतात, तिलाही घेतात पण लिंबूटिंबू म्हणून. लेकीला विचारलं तर म्हणे अगं तिला मराठी येत नाही ना, मग राज्य कसं घेणार ती. आमच्या लहानपणी कुणाचं तरी धाकटं भावंड मागं लागून यायचं त्याला लिंबूटिंबू म्हणायचे. भाषा येत नाही म्हणून असं म्हणणं बरोबर आहे का? मला तरी टोचलं ते.

मिरजकर:
वापर बरोबर आहे ताई. खेळात आहे, पळतंय, पण आउट झालं तरी धरत नाहीत आणि राज्य येत नाही तो लिंबूटिंबू, वयाचा संबंध असलाच पाहिजे असं नाही. पेपरवाले क्रिकेटच्या बातमीत 'लिंबूटिंबू संघ' लिहितात तिथं मात्र दुबळा असा अर्थ होतो, तुम्हाला टोचलं ते त्यामुळं असेल. काही पोरं कच्चा लिंबू पण म्हणतात. उलट शब्द गडी नाहीतर भिडू, पक्का भिडू. आणि खरं सांगू का, नव्या भाषेत पडलेलं पोर बऱ्याचदा सुरवातीला नुसतं ऐकत असतं, तोंड उघडत नाही, त्या काळात चुकलं तरी चालतंय अशी जागा मिळणं फार मोठी गोष्ट आहे, वर्गात तेवढी मिळत नाही.

विटेकर:
पूर्ण पटलं नाही. आमचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा, वडील कोइमतूरला, माझी चौथीपर्यंतची शाळा तिकडंच तमिळमध्ये झाली आणि पाचवीला मला विट्याला आजीकडं ठेवलं. घरात मराठी बोलायचो पण ती जेवलास का, झोप आता एवढीच. चकायचं म्हणजे काय, भोज्या म्हणजे काय, कायसुद्धा कळायचं नाही. मला लिंबूटिंबू केलं आणि त्यातनं बाहेर काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग एकदा विटीदांडूचा डाव चालू होता, एकजण दांडूनं अंतर मोजायला लागला, वकट, लेंड, मूंड, नाल, आणि मी उडालोच! तमिळमध्ये दोनला रेंडु म्हणतात, चारला नालु. ओरडलो, अरे हे तर आमच्या शाळेतलं हाय, नाल म्हणजे चार! त्या पोरांना तोवर ते आकडे आहेत हेच माहीत नव्हतं, त्यांच्या लेखी नुसते विटीदांडूचे शब्द. मला घेरून बसली, पाच कसं म्हणायचं, दहा कसं म्हणायचं. तिथनं पुढं मी गडी झालो. म्हणून म्हणतो नुसती वाट बघून भागत नाही, त्या पोरीजवळ जे आहे त्याला खेळात जागा द्या.

जतचा:
विटेकर, वकट तेलुगूला जास्त जवळ आहे. तेलुगूत ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. आमच्या कानडीत ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. जत तालुक्यात कानडी माध्यमाच्या झेडपी शाळा आहेत, आमच्या गल्लीत तर भांडण मराठीत सुरू होऊन कानडीत मिटायचं, त्यामुळं भाषेवरनं लिंबूटिंबू ही भानगड आम्हाला कधी सुचलीच नाही.
ताई, नेपाळमध्ये विटीदांडूला डंडीबियो म्हणतात. 2017 ला तिथं व्हॉलीबॉल राष्ट्रीय खेळ जाहीर झाला, तोवर लोक डंडीबियोलाच तो मान द्यायचे. आणि लपाछपीला लुकामारी. विचारून बघा तिला.

धागाकर्ती, सांगली:
विचारलं!! लुकामारी म्हटल्याबरोबर पोरगी जी बोलायला लागली, मला त्यातलं साथी, हात, कान एवढंच कळलं पण ती थांबेना. काल पोरांनी लपाछपी सोडून लुकामारीच म्हणायला सुरवात केली आणि राज्य तिच्यावर दिलं, मराठीत मोज म्हणाले. अठरापर्यंत नीट आली, पुढं उन्नाइस म्हणाली, लेक लपल्या जागेवरनं ओरडली एकोणीस, आणि त्या आवाजावरनं पहिली तीच सापडली. लेकीचं म्हणणं आता ती भिडू आहे.
जतकर दादा, डंडीबियो तिच्या पप्पांना चांगलं येतं म्हणे, पण पार्किंगमध्ये गाड्यांच्या काचा आहेत, रविवारी पोरांना ग्राउंडवर न्यायचं ठरतंय. सांगलीत तयार विटी-दांडू कुठं मिळतो का, की सुताराकडनंच करून घ्यावा लागेल?