चर्चा: दुर्गम वाड्यांसाठी तांब्याची तार आणि डायल-अप राखावे का?

दापोलीकर: आमच्या वाडीत सड्यावर चढल्याशिवाय मोबाईलला रेंज येत नाही, दूरध्वनीची तांब्याची तार मात्र अजून घरापर्यंत आलेली आहे. टॉवर येईपर्यंत याच तारेवरून, कॉलचा वेगळा आकार न लावता, अल्प ठरावीक मासिक शुल्कात डायल-अप, म्हणजे दूरध्वनीवरून कॉल लावून चालणारे इंटरनेट, द्यावे, असे माझे मत आहे. पूर्वी डायल-अप खिशाला जड जाई ते मुख्यतः पल्समुळे (वेळेनुसार कॉल मोजण्याचे एकक), कारण जोडणी जितका वेळ चालू राही तितका कॉलचा आकडा वाढत असे. शिवाय दूरध्वनीला ४८ व्होल्टचा पुरवठा एक्स्चेंजमधूनच होत असल्याने घरातले दिवे गेले तरी तो चालतो.

अलिबागकर: दूरध्वनी चालेल, पण मॉडेमला आणि संगणकाला घरचीच वीज लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात खांब आडवे झाले, तेव्हा त्यांवरच्या तारा काय अधांतरी राहिल्या? खाऱ्या वाऱ्याने जोड गंजतात, पावसात खरखर वाढते आणि मॉडेमचा वेग आणखी उतरतो. मुळात डायल-अपची कमाल मर्यादाच ५६ किलोबिट, म्हणजे सेकंदाला ७ किलोबाइट. २ मेगाबाइटचे पान उघडायला जवळजवळ पाच मिनिटे हवीत. त्यातून ओटीपी येणार मोबाईलवर!

दापोलीकर: ओटीपीपुढे मी निरुत्तर आहे, पोराला सड्यावर धाडले तर तो खाली येईपर्यंत मुदत संपते. तरीही ई-मेल आणि हवामानाचा इशारा, एवढ्या मजकुराला ७ किलोबाइट पुरेसे आहेत.

पालघरकर: आपण दोघेही तारेवर भांडत आहात, पण खरी अडचण ग्रामपंचायतीपासून वाडीपर्यंतच्या टप्प्याची आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेचा भर फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेण्यावर होता. कोकणातले गाव मात्र एका ठिकाणी नसतेच, त्याच्या वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या असतात. आमच्या जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने दूरचित्रवाणीच्या वापरात नसलेल्या वारंवारिता वापरून गावे जोडून दाखवली. या लहरी झाडोऱ्यातून वाय-फायपेक्षा बऱ्या पोचतात. पुढे वाडीवरच्या दुकानदाराने वाय-फाय विकावे. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत त्याला परवाना लागत नाही.

दापोलीकर: योजना चांगली आहे, पण गिऱ्हाईक कोठून आणणार? गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येतात तेव्हा दुकान चालेल. उरलेले दहा महिने, वाडीत म्हातारी माणसेच असताना, त्याने वीजबिल आणि बॅटरीचा खर्च कशातून भागवावा? तार उखडण्यापूर्वी याचे उत्तर मला हवे आहे.