घोड्यावरचा माणूस शेवटी निघून का जातो?

*आजोळ कट्टा* (कुटुंबाचा ग्रुप)

*चिनू:* मामा, तू सांगितलेल्या 'हॅव गन, विल ट्रॅव्हल' या जुन्या अमेरिकन वेस्टर्न (काउबॉयच्या) टीव्ही मालिकेचे काही भाग पाहिले. पैसे घेऊन लोकांची कामं करणारा बंदूकवाला नायक पॅलाडिन भारी आहे. पण काम झालं की हा लगेच निघतो. लोक थांब म्हणतात, एखादी बाई तर डोळ्यांत पाणी आणून म्हणते, तरी नाही. असं का?

*नंदूमामा:* पहिलं कारण धंद्याचं. १९५७ मध्ये ही मालिका सुरू झाली तेव्हा घरात रेकॉर्डिंगची सोय नव्हती. भाग चुकला की चुकला. त्यामुळे गोष्ट त्याच रात्री संपवायची आणि पुढच्या आठवड्यात नायक पुन्हा मोकळा हवा. त्याने लग्न करून जमीन घेतली तर मालिकाच बंद!

*नंदूमामा:* पण मला यातलं आवडतं ते वेगळंच. नायक बदलत नाही, म्हणून बदलायची पाळी गावातल्या माणसांवर येते. सूड घ्यायला निघालेला बाप, फाशीची वाट बघणारा पोरगा, घाबरलेला शेरीफ, खरी गोष्ट यांची असते. पॅलाडिन येतो, त्यांना कुठलातरी निर्णय घ्यायला लावतो आणि जातो. अर्ध्या तासात एक पूर्ण कथा. मी तर या मालिका कथासंग्रहासारख्या बघतो. नायक आवडला म्हणून उघडायच्या आणि लक्षात राहतात ती त्या एका भागापुरती आलेली माणसं.

*मीनामावशी:* नंदू, मग 'गनस्मोक' या दुसऱ्या वेस्टर्न मालिकेचं काय? तिचा नायक मॅट डिलन कुठे भटकतो? १९५५ ते १९७५, ६३५ भाग, हा मार्शल, म्हणजे कायद्याचा रखवालदार, आपला डॉज सिटी गावातच. आणि सगळ्यांत जास्त टिकली तीच ना?

*नंदूमामा:* ताई, मुद्दा बरोबर. पण डॉज सिटीत रेल्वे होती, टेक्सासहून गुरांचे कळप तिथे यायचे. त्यामुळे मार्शल जागेवर राहिला तरी भटके त्याच्या दारात येतात. दर आठवड्याला पाहुणा नवा. सांगाडा तोच, फक्त दिशा उलटी.

*मीनामावशी:* हे काही मला पूर्ण पटलं नाही. मॅट, गावचा डॉक्टर 'डॉक' आणि गुत्ता चालवणारी किटी यांच्यातलं नातं वर्षानुवर्षं मुरलेलं आहे. पॅलाडिनला असं कोण आहे? मुक्काम सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलात, उंची कपडे, बुद्धिबळ, ऑपेरा. काम आलं की काळे कपडे चढवायचे आणि हजार डॉलर घ्यायचे.

*नंदूमामा:* म्हणूनच तो मला खरा वाटतो. बाकीचे भटके नुसतेच भले असतात. हा पैसे घेतो, आणि कधीकधी ज्याने पैसे दिले त्याच्याच विरुद्ध उभा राहतो, कारण न्याय दुसऱ्या बाजूला असतो. पॅलाडिन झालेल्या रिचर्ड बूनचा तो खडबडीत चेहरा आणि तोंडी शेक्सपिअर! अशी भूमिका आजही कोणी सहज लिहीत नाही.

*अनघाताई (फ्रीमाँट):* मामा, मीही इथे बघतेय. पण हॉटेलातल्या चिनी नोकराला सगळे 'हे बॉय' (ए पोरा) म्हणून हाक मारतात, ते फार खटकतं.

*नंदूमामा:* खटकायलाच हवं, अनघा. कॅम टाँगसारखा नट आणि त्याच्या वाट्याला ते नाव. मधला एक सीझन तो नव्हता, तेव्हा लिसा लू आली, तर तिला 'हे गर्ल' केलं. 'क्रेझी रिच एशियन्स' सिनेमातली आजी आठवते? तीच ती.

*नंदूमामा:* आणि गुराख्यांचंही, म्हणजे काउबॉयचंही, तेच. इतिहासकारांच्या अंदाजाने खऱ्या गुराख्यांत चारातला एक कृष्णवर्णीय होता. घोड्यावरून गुरं वळायची विद्या तर मेक्सिकन लोकांची. पडद्यावर मात्र सगळे गोरे. 'रॉहाइड' या गुराख्यांच्या मालिकेत रेमंड सेंट जॅक्स हा कृष्णवर्णीय नट कायमच्या भूमिकेत आला तो १९६५ मध्ये, मालिका संपता संपता. या मालिकांवर माझं प्रेम आहे, पण ही खोट लपवू नये.

*आबा:* आपल्याकडे मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तोवर यातल्या बहुतेक मालिका तिकडे बंद झालेल्या. मी क्लिंट ईस्टवुडला थिएटरातच पाहिला. तो आधी टीव्हीवर होता हे फार उशिरा कळलं.

*नंदूमामा:* हो आबा, 'रॉहाइड'मधला राउडी येट्स. कळपाबरोबर जाणारा तरणा, उतावळा पोरगा. मालिका चालू असतानाच सुट्टीत स्पेनला जाऊन त्याने सर्जिओ लिओनीचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' केला. तो बेतला होता जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'योजिंबो' सिनेमावर. म्हणजे जपानचा बिनधन्याचा सामुराई इटालियन दिग्दर्शकाच्या हातून अमेरिकन घोडेस्वार झाला.

*आबा:* वा! हे माहीत नव्हतं.

*चिनू:* मग असे भटके नायक आता संपले?

*नंदूमामा:* छे. पॅलाडिनचे कितीतरी भाग जीन रॉडनबेरीने लिहिलेत. त्यानेच पुढे 'स्टार ट्रेक' ही अंतराळातली मालिका काढली, आणि ती चॅनेलवाल्यांना समजावताना म्हणायचा की ही ताऱ्यांमधली 'वॅगन ट्रेन' (तेव्हाची एक वेस्टर्न मालिका) आहे. दर आठवड्याला नवं गाव होतं, तिथे नवा ग्रह आला.

*चिनू:* आईशप्पथ! 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कला या नजरेने पाहिलंच नव्हतं.

*मीनामावशी:* नंदू, पॅलाडिनचे काही भाग आयडा ल्युपिनोने दिग्दर्शित केलेत ना? त्या काळी एक बाई वेस्टर्न करत होती, ते मला आधी बघायचंय. त्यातला एक शोधून ठेव. आणि त्यानंतर सगळ्यांनी 'गनस्मोक'चा एक बघायचा, मग बोलू.

*नंदूमामा:* मंजूर. शनिवारी रात्री दोन्ही लावू. आबा, तुमच्यासाठी सबटायटल चालू ठेवतो.