मांडवी ते लखपत सायकलनं: तंबू कुठं टाकावा?

प्रश्न (लातूर): जानेवारीत भुजपर्यंत रेल्वेनं, मग मांडवी, नारायण सरोवर, लखपत असं कच्छच्या किनाऱ्यानं एकट्यानं जायचंय. साधी गिअरची सायकल आहे. समुद्राकाठी तंबू टाकता येतो का? पाणी किती लागतं?

उत्तर (परभणी): भाऊ, मी उलटं केलं, लखपतहून मांडवीकडं. तूही तसंच कर. दुपारून समुद्राकडचं वारं सुटतं, पश्चिमेकडं निघालास तर तोंडावरच बसतं.
आपले सराटे अन् वेडी बाभूळ तिथंही हायेत, तिकडं तिला गांडो बावळ म्हणतात. पहिल्याच दिवशी तीन पंक्चर! तिसऱ्याला सोल्यूशनची ट्यूब वाळलेली निघाली, मग चार किलोमीटर ढकलत. सायकल रस्त्याखाली उतरवायची तर उचलूनच ने.
वाळूत खुंट्या धरत नाहीत. पिशव्यांत वाळू भरून, दोरी बांधून हातभर खोल पुरायच्या. तरी रात्रभर कापड फडफडतं.
लखपत, कोटेश्वरकडं मात्र तंबूचा नाद सोड. सरहद्द जवळ, बीएसएफचा पहारा. नारायण सरोवरला धर्मशाळा आहे, तिथं पड.

उत्तर (बीड): साखळी रोज पुसून तेल द्या. खारी हवा लई वाईट.

लातूर: दादा, पाणी राहिलंच की!

परभणी: सहा लिटर. विहिरी खाऱ्या असतात, गावात विचारूनच भर.

लातूर: जपून पिऊ. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालोय आम्ही. दशम्या टिकतील ना?

परभणी: दुधातल्या ने, दोन-तीन दिवस जातात. शेंगदाण्याची चटणी जास्त घे.