टॉरिनच्या गोळीने भागत नाही

कुत्र्या-मांजरांच्या धान्य नसलेल्या (ग्रेन-फ्री) खाण्याचा धोका म्हणजे फक्त टॉरिनची (हृदयाला लागणाऱ्या एका अमिनो आम्लाची) कमतरता, वरून गोळी चालू केली की झालं, असं काही जण म्हणतात. मांजरांमध्ये टॉरिन कमी पडलं की हृदय बिघडतं आणि ते दिलं की सुधारतं, हे १९८७ मध्येच दिसून आलं होतं. कुत्र्याचं शरीर मात्र टॉरिन स्वतः तयार करतं. अमेरिकेच्या एफडीएकडे (अन्न-औषध प्रशासनाकडे) जानेवारी २०१४ ते एप्रिल २०१९ या काळात डीसीएमच्या (हृदय मोठं आणि कमजोर होण्याच्या आजाराच्या) ५२४ तक्रारी आल्या, त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांचं टॉरिन नॉर्मल होतं (गोल्डन रिट्रीव्हर वेगळे, त्यांच्यात ते कमी पडतं). नेमकं कारण अजून सिद्ध नाही, पण तक्रारींतल्या ९३ टक्के खाण्यांमध्ये वाटाणा किंवा मसूर होता.

आता पिशवीची मागची बाजू. आमच्या कुत्र्याच्या, गोल्डीच्या, खाण्याच्या पिशवीवर पहिलं नाव चिकन, म्हणून मी निर्धास्त. मग एकदा चष्मा लावून वाचलं: दुसरा वाटाणा, चौथं वाटाण्याचं प्रथिन, सहावा वाटाण्याचा स्टार्च. एकच जिन्नस तीन तुकड्यांत! शिवाय यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लावतात आणि ताज्या चिकनमध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं. तिन्ही वाटाणे एकत्र धरले तर पहिला नंबर कुणाचा, ते सांगायला नको. ती पिशवी बंद केली आणि डॉक्टरांच्या मागे लागून गोल्डीचा इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतला, कारण सुरुवातीचा डीसीएम स्टेथोस्कोपला ऐकू येईलच असं नाही. सुदैवाने ठीक निघाला. कुत्र्याला अधूनमधून चमचाभर वरण-भात देणाऱ्यांनी लगेच घाबरू नका, इथे प्रश्न रोजच्या भरमसाट प्रमाणाचा आहे.