स्प्लायसिंगची प्रथिने केंद्रकात ठिपक्यांसारखी का दिसतात?

प्रश्न:
एससी-३५ हे स्प्लायसिंगचे प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड (ठरावीक प्रथिनाला चिकटणारा रेणू) वापरून मानवी पेशी रंगवल्या, तेव्हा केंद्रकात वेड्यावाकड्या कडांचे पंचवीसेक ठळक ठिपके दिसले. केंद्रिकेची (केंद्रकातील रायबोसोम घडवणाऱ्या भागाची) जागा मात्र काळी राहिली. आरएनएचे स्प्लायसिंग, म्हणजे त्यातले नको असलेले तुकडे कापून उरलेले जोडणे, या ठिपक्यांतच होते, असे समजावे का?

प्रतिसाद १:
सरसकट तसे समजू नये. हे ठिपके म्हणजे न्यूक्लिअर स्पेकल. ते क्रोमॅटिनच्या (डीएनए आणि प्रथिने यांच्या गुंत्याच्या) मधल्या जागेत असतात आणि त्यांत डीएनए जवळजवळ नसतो, म्हणून त्यांना मुख्यतः प्रथिनांचे कोठार मानले जाते. बरेचसे स्प्लायसिंग जनुकाचे प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए बनणे) चालू असतानाच, म्हणजे स्पेकलच्या कडेला किंवा त्यापासून दूर होते, आणि एसआर प्रथिनांवर (एससी-३५सारख्या स्प्लायसिंग प्रथिनांवर) फॉस्फेट चढले की ती कोठारातून सुटून तिकडे जातात. प्रतिलेखन रोखून पुन्हा रंगवून पाहा. ठिपके फुगून गोल झालेले दिसतील, कारण प्रथिनांना बाहेर कामच उरत नाही.

प्रतिसाद २:
एक सावधगिरी. हे प्रतिपिंड प्रामुख्याने एससी-३५ला नव्हे, तर स्पेकलमधल्याच एसआरआरएम-२ या दुसऱ्या प्रथिनाला चिकटते, असे २०२० मध्ये दाखवण्यात आले. त्यामुळे 'एससी-३५चे ठिपके' हे जुने नाव थोडे फसवेच आहे. शिवाय एसएनआरएनपी (स्प्लायसिंग करणारे लहान आरएनए आणि प्रथिनांचे संच) पाहायचे असतील, तर केंद्रकातल्याच काहाल बॉडी या वेगळ्या ठिपक्याही तपासा. तेथे त्यांची जुळणी पुढे सरकते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. म्हणजे ही प्रथिने ठिपक्यांत स्थिर बसलेली नसतात?

प्रतिसाद १:
मुळीच नाही. जिवंत पेशीत या प्रथिनांना चमकणारी खूण लावून ठिपक्याच्या एका भागाची चमक लेसरने विझवली, तर काही सेकंदांतच तेथे नवी चमकदार प्रथिने येऊ लागतात. ठिपका जागेवर राहतो, आतले रेणू बदलतात.